कनवटीची सुरी

(युवक व पालकांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जून महिना उजाडला की पुण्याच्या पेठांमध्ये एक दृश्य हमखास दिसते. गावाकडून आलेले वडील, सोबत वसतिगृहात राहावयास निघालेली मुलगी. बादली, गादी, कुलूप अशी खरेदी चालू असते. यादीतील वस्तू संपतात, तरी वडिलांचे पाय घराकडे वळत नाहीत. ते भांड्यांच्या किंवा गिर्यारोहणाच्या साहित्याच्या दुकानात शिरतात आणि थोड्या दबक्या आवाजात विचारतात, "एखादी लहानशी सुरी आहे का? पर्समध्ये राहील अशी. फार महाग नको."

दुकानदार काचेवर तीन नग मांडतो. पहिला बटण दाबताच खटकन उघडणारा चाकू. दुसरा काळ्या रंगाचा, पाठीवर करवतीचे दात असलेला, मुठीत होकायंत्र बसवलेला. तिसरी साधी, अखंड पात्याची, बोटभर लांबीची सुरी, प्लास्टिकच्या म्यानात. वडिलांची नजर पहिल्या दोघांवर खिळते, कारण ते 'शस्त्रासारखे' दिसतात. तिसरी त्यांना स्वयंपाकघरातील वाटते. या तिघांतून काय निवडावे, ते कोठे ठेवावे आणि त्याच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे. मराठीत चाकू आणि सुरी हे दोन निराळे शब्द आहेत. ज्याचे पाते मुठीत मिटते तो चाकू, ज्याचे पाते मुठीशी कायमचे जखडलेले असते ती सुरी. आज दोन्ही शब्द सरसकट वापरले जातात; पण जुन्या पिढीतील गृहिणीला पेन्सिलीला टोक करावयाचा चाकू आणि भाजी चिरावयाची सुरी यांत कधी घोटाळा झाला नाही. हा भेद येथे महत्त्वाचा आहे. चाकूला सांधा असतो आणि सांधा हीच त्याची दुबळी जागा. त्यात वाळू जाते, गंज चढतो, फळाचा रस सुकून चिकट होतो आणि जोर लागताच पाते बोटांवर मिटण्याची भीती राहते. सुरीला सांधाच नाही. ती धुता येते, पुसता येते, अंधारात उघडावी लागत नाही. रोज वापरावयाच्या लहान हत्यारासाठी सुरी उजवी ठरते ती या साधेपणामुळे.

बटणाच्या चाकूचा मोह मुख्यतः चित्रपटांनी निर्माण केला. उत्तर प्रदेशातील रामपूरचा चाकू हा सत्तरच्या दशकातील हिंदी खलनायकाचा सोबती होता; त्याच्या उघडण्याच्या आवाजावर प्रेक्षागृहे श्वास रोखीत. त्या गावाने २०२३ मध्ये एका चौकात वीस फुटी चाकूच उभा केला. कारागिरीचा अभिमान म्हणून ते ठीकच. परंतु ज्या यंत्रणेमुळे तो आवाज होतो, तिच्याकडेच पोलिसांचे लक्ष प्रथम जाते. दिल्ली प्रशासनाच्या १९८० च्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, बटणाचे आणि गरारीचे चाकू नाव घेऊन नमूद केलेले आहेत. पाते ७.६२ सेंटिमीटर म्हणजे तीन इंच वा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंद असेल, तर परवान्यावाचून ते बाळगणे तेथे गुन्हा ठरतो. तेव्हा पहिला नग बाजूला सारावा.

दुसराही सारावा. पाठीवर करवत असलेले पाते लाकूड कापत नाही आणि म्यानात मात्र अडकते. मुठीत होकायंत्र बसवावयाचे म्हणजे मूठ पोकळ ठेवावी लागते. पाते जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर आत शिरते आणि पहिल्याच जोरात हलू लागते. शिवाय असे हत्यार कोणाच्या पिशवीत सापडले, तर 'मी याने सफरचंद कापतो' या वाक्यावर कोणताही फौजदार विश्वास ठेवणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

राहिली तिसरी. तिची पारख कशी करावी, हे जरा सावकाश पाहण्यासारखे आहे.

लांबी सहा ते नऊ सेंटिमीटर पुरे. फळ कापणे, दोर तोडणे, खोक्याची पट्टी उघडणे, गडावर काकडी-कांदा चिरणे, जखमेवर बांधावयाची पट्टी फाडणे ही रोजची कामे याहून मोठे पाते मागत नाहीत. जाडी दोन ते अडीच मिलिमीटर असावी. जाड पाते मजबूत भासते, पण ते कापीत नाही, फाडते. सफरचंदाच्या दोन फोडी होण्याऐवजी ते मधेच तडकते. टोक फार निमुळते नको. लहान सुऱ्यांची सर्वाधिक मोडतोड टोकाशीच होते, कारण घरोघरी सुरीने डबे उघडले जातात.

पोलादाविषयी बाजारात फार बोलले जाते, त्यापैकी थोडेच उपयोगाचे असते. कार्बनचे पोलाद धार लवकर घेते आणि निसण्यावर चार हात फिरवले की पुन्हा तल्लख होते. मात्र कोकणातल्या पावसाळ्यात एका रात्रीत त्यावर तांबूस डाग उमटतात. लिंबू किंवा कैरी कापून तसेच ठेवले तर ते काळे पडते. स्टेनलेस पोलादाला गंजाची बाधा कमी, पण अगदीच हलक्या प्रतीचे असेल तर धार आठवडाभरही टिकत नाही. ज्याला सुरी पुसून ठेवण्याची सवय नाही, त्याने मध्यम प्रतीचे स्टेनलेस घ्यावे. सवय असेल त्याला कार्बनची सुरी स्वस्तात अधिक सुख देते. अतिशय कठीण पोलादाच्या महाग सुऱ्या घरच्या निसण्याला दाद देत नाहीत. त्यांची धार गेली की त्या कपाटात जातात.

मुठीत शिरणारा पात्याचा मागचा भाग संपूर्ण मुठीइतका लांब असावा, असा आग्रह धरला जातो. तो असल्यास उत्तम. पण तो नसला म्हणजे सुरी टाकाऊ, असे नाही. स्वीडनमधील मोरा या गावच्या परिसरात १८९१ पासून सुऱ्यांचा कारखाना आहे. तेथील सर्वसाधारण कामाच्या सुरीत पाते मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, तरीही सुतार आणि मच्छीमार ती वर्षानुवर्षे राबवतात. तेथे ती श्रीमंतांची चैन नसून कामगाराच्या कमरेची वस्तू आहे. त्याच कारखान्याने पुढे जेमतेम सहा सेंटिमीटर पात्याची, गळ्यात किंवा खिशात राहील अशी सुरीही काढली. आपल्या गावच्या लोहाराकडील सुरीतही पात्याचे शेपूट लाखेने मुठीत बसवलेले असते. ते उन्हात किंवा गरम पाण्यात सैल होते. एवढे लक्षात ठेवून तिला उकळत्या पाण्यापासून दूर ठेवले, की ती पुढच्या पिढीपर्यंत जाते.

मूठ चार बोटे मावतील एवढी तरी हवी. तीन बोटांची मूठ खिशात छान बसते, हातात बसत नाही. पात्याकडे बोट घसरू नये म्हणून मुठीला तेथे किंचित उंचवटा असावा. दुकानातच हात ओला करून ती धरून पाहावी. दुकानदार हसला तरी चालेल.

आता म्यान. लोक पात्यावर पैसे खर्च करतात आणि म्यानाकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः अखंड पात्याच्या सुरीत अर्धे मोल म्यानाचे आहे. चाकू मिटला की निर्धोक होतो. सुरी मिटत नाही, म्हणून तिला निर्धोक करण्याचे सर्व काम म्यानावर येते. म्यान उलटे धरून हलवले असता सुरी पडता कामा नये. एका हाताने ती ओढून काढता यावी, परंतु पिशवीतील ओढणीत किंवा पुस्तकाच्या पानात अडकून आपोआप बाहेर येऊ नये. चामड्याचे म्यान असेल तर शिवणीच्या आतून चामड्याची एक अधिक पट्टी घातलेली आहे का, ते पाहावे. ती नसेल तर पाते रोज थोडा थोडा दोरा कापीत राहते आणि एक दिवस शिवण उसवून धार थेट मांडीला लागते. पावसाळी मुलखात कडक प्लास्टिकचे, तळाशी पाणी निथळावयास भोक असलेले म्यान अधिक बरे. भांड्यांच्या दुकानात तीन-साडेतीन इंचांची फळे सोलण्याची सुरी काहीशे रुपयांत, कित्येकदा त्याहूनही कमी दरात मिळते. तिचे पाते उत्तम असते, फक्त म्यान नसते. ती सुरी घ्यावी आणि कोपऱ्यावरच्या चर्मकार बंधूकडून तिच्या मापाचे म्यान शिवून घ्यावे. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारा याहून चांगला मार्ग नाही. परदेशी सुरीच्या किमतीत अशा चार सुऱ्या होतात आणि एका कारागिराच्या हाताला काम मिळते ते वेगळेच.

येथवर निवड झाली. परंतु त्या वडिलांचा प्रश्न येथे संपत नाही. त्यांना ती सुरी लपवावयाची आहे. कनवटीला, पदराआड, पर्सच्या आतल्या कप्प्यात, कोणाला दिसू नये अशी.

कोकणातला शेतकरी सकाळी घराबाहेर पडतो तेव्हा त्याच्या कमरेला मागे आकडी असते आणि आकडीत कोयती. तिचे पाते या बोटभर सुरीच्या दुप्पट-तिप्पट असते. तो तसाच दुकानात जातो, एस.टी.च्या थांब्यावर उभा राहतो, देवळाच्या पायरीशी बसतो. त्याच्याकडे पाहून कोणी दचकत नाही. कारण ती उघड आहे आणि तिचे काम सर्वांना ठाऊक आहे. खंडेनवमीला आपल्याकडे तलवारीशेजारी सुताराची पटाशी, शिंप्याची कात्री आणि विळा-कोयता मांडून पूजा होते. ज्या समाजाने शस्त्र आणि अवजार एका पाटावर मांडले, त्याला या दोहोंतील अंतर वापरणाऱ्याच्या हेतूत असते, हे निराळे सांगावे लागत नाही.

कायदाही जवळजवळ हेच म्हणतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील व्याख्येप्रमाणे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वा तशी रूपांतरित केलेली वस्तू म्हणजे शस्त्र. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेली वस्तू त्यात येत नाही. या व्याख्येतील 'बचावासाठी' हा शब्द अनेकांच्या ध्यानात राहत नाही. 'हल्ला करायचा नव्हता, स्वतःच्या रक्षणासाठी ठेवली होती' हे उत्तर निर्दोषपणाचे वाटते, पण ते देणारा आपल्या हातातील अवजाराला स्वतःच शस्त्र म्हणवून मोकळा होतो. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक उपयोगाची मात्र वगळलेली आहेत. त्या मापाशी तुलना केली तर आपली तीन इंची सुरी कोठेच बसत नाही. म्हणून निश्चिंत व्हावे काय? नाही.

कारण महाराष्ट्रात आणखी एक कायदा आहे आणि तो वृत्तपत्रांतील बारीक टाइपाच्या सूचनांतून वर्षात अनेकदा डोळ्यांखालून जातो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. सण, मिरवणुका, निवडणुका, तणावाचे प्रसंग या काळात पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढतात. त्यात तलवारी, भाले, बंदुका यांच्या पंक्तीला सुऱ्या, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू येते. तेथे इंचांचा हिशेब नाही. आदेश मोडल्यास कलम १३५ खाली कारावास होऊ शकतो. गणेशोत्सवाच्या गर्दीत निघालेल्या तरुणाने पिशवीतील सुरी घरी ठेवून निघणे, हे म्हणून केवळ शहाणपण नव्हे, ते बंधन आहे. कार्यकर्त्यांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. मिरवणुकीत एकाच्या खिशात सापडलेले पाते सगळ्या मंडळाला पोलीस ठाण्यात बसवते.

या देशात अंगावर सदैव धारण करावयाच्या लहान पात्याला घटनेचे थेट संरक्षण एकाच बाबतीत आहे. अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात शीख बांधवांचे कृपाण धारण करणे हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग मानला आहे. आणि त्यालाही विमानात मापाची मर्यादा आहेच. मार्च २०२२ च्या आदेशानुसार देशांतर्गत प्रवासात कृपाणाचे पाते १५.२४ सेंटिमीटर आणि एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटरहून अधिक चालत नाही. ते वस्त्राखाली असले तरी ते आहे हे सर्वांना माहीत असते. धारण करणारा ते लपवीत नाही, तो ते व्रत म्हणून बाळगतो. पर्समधील सुरीशी त्याची तुलना करणे योग्य नाही.

आता त्या वडिलांच्या मनातील खऱ्या गोष्टीकडे यावे लागेल. त्यांना सफरचंद कापावयाचे नाही, त्यांना रात्री झोप लागत नाही. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर देशभरातील आईबापांची झोप उडाली होती. जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत महिलांना लहान सुऱ्या जाहीरपणे वाटण्यात आल्या. त्यामागील संताप खोटा नव्हता. परंतु संतापाने हाती दिलेली वस्तू प्रसंगी उपयोगी पडेल का, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे एक गोष्ट सातत्याने दिसत आली आहे: बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, मित्र, मालक. त्या माणसासमोर पर्स उघडण्याची वेळच येत नाही, कारण तो धोका आहे असे मनाला पटेपर्यंत तो अगदी जवळ आलेला असतो. अनोळखी हल्लेखोराच्या बाबतीतही, पर्सच्या कप्प्यात, म्यानात, रुमालाखाली असलेली सुरी दोन क्षणांत हाती येत नाही. भीतीने बोटे जड होतात. आणि हाती आलीच, तर अधिक बळकट माणूस ती हिसकावून घेऊ शकतो. मग त्या झटापटीत नव्हते ते पाते वडिलांनीच आणून दिलेले असते. हे ऐकावयास कटू आहे, पण मुलीला सुरी देणाऱ्याने ते एकदा तरी मनाशी बोलून पाहावे.

येथे कोणी म्हणेल, प्रतापगडावर काय झाले? १० नोव्हेंबर १६५९ रोजी लहानसे, लपवलेले पातेच कामी आले ना? बिचवा आणि वाघनखे यांची ती कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. लंडनच्या संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यास आली तेव्हा ती पाहण्यास लोटलेली गर्दी सर्वांनी पाहिली. ती नेमकी तीच आहेत याची खात्री ते संग्रहालयही देत नाही, तरी भाव कमी झाला नाही. पण त्या दिवसाचा क्रम नीट आठवावा. खानाचा वार झाला तो चिलखतावर. डोक्यावर पागोट्याखाली पोलादी टोप होता. भेटीची जागा महाराजांनी ठरवलेली होती, खानाला आपल्या मुलखात, जावळीच्या रानात, आपल्या गडाच्या पायथ्याशी आणले होते. सोबत किती माणसे यावीत ते ठरले होते आणि सय्यद बंडा चालून येताच जिवा महाला जागेवर होता. झाडीत सैन्य इशाऱ्याची वाट पाहत होते. बिचवा ही त्या सिद्धतेची शेवटची कडी. बखरकारांनी चिलखतही सांगितले आहे. आपल्याला तेवढा बिचवाच आठवतो.

मुलीचे चिलखत कोणते, तर वसतिगृहात पोहोचल्याचा रोजचा एक दूरध्वनी, रात्री परतताना सोबत असलेल्या दोन मैत्रिणी, ११२ हा क्रमांक बोटांना पाठ असणे, मोठ्याने ओरडण्याची लाज मोडलेली असणे आणि काही घडले तर 'तूच का गेलीस' असे घरात कोणी विचारणार नाही, याची खात्री. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि ती वडिलांच्याच हातात आहे.

आत्मरक्षणाचा अधिकार कायद्याने दिलेला आहे, यात शंका नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आधी तो दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडचा हल्ला या प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही जातो. मात्र बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा, त्याहून अधिक नाही, ही मर्यादा तेथेच लिहिलेली आहे. हा अधिकार प्रसंगाच्या वेळी हातात असेल त्या वस्तूने वापरता येतो, मग ती छत्री असो, किल्ल्यांचा जुडगा असो वा दगड. तो रोज लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना नव्हे.

ज्यांची मुले ब्रिटनला शिकावयास निघाली आहेत, त्यांनी एक अधिक गोष्ट सांगून ठेवावी. तेथे १९८८ च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागी तीन इंचांपर्यंतचा, अडसर नसलेला घडीचा चाकू चालतो. अखंड पात्याची सुरी, कितीही लहान असली तरी, योग्य कारणावाचून चालत नाही आणि 'स्वसंरक्षण' हे सर्वसाधारणपणे योग्य कारण मानले जात नाही. मोराची सुरी घडवणाऱ्या स्वीडनमध्येही कामाच्या कारणाशिवाय रस्त्यावर सुरी बाळगण्यास मनाई आहे. येथे निर्धोक ठरणारी वस्तू तेथे तुरुंगाचे कारण होऊ शकते.

मग त्या दुकानातील तिसरी सुरी घ्यावी की नाही? अवश्य घ्यावी. मुलीला जरूर द्यावी, पण कनवटीला नव्हे. तिची जागा खोलीतील फळांच्या टोपलीशेजारी आणि सुट्टीत राजगड-तोरण्याला जाताना पाठपिशवीत, डब्याशेजारी, जेथे कोणी विचारले तर संकोच न करता दाखवता येईल. देण्यापूर्वी वडिलांनी तिच्याबरोबर एक दुपार बसावे. निसणा पाण्यात भिजवावा, पाते साधारण वीस अंशांत धरावे, दोन्ही बाजूंना सारखेच हात फिरवावेत, जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने घासून शेवटची लव काढावी आणि पिकलेला टोमॅटो न दाबता चिरतो का पाहावे. बोथट सुरी जोर मागते आणि जोर दिला की ती घसरते. स्वयंपाकघरातील बोटे कापतात ती बहुधा अशीच. सुरी दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे करावी, चालताना ती म्यानातच असावी, घसरून पडू लागली तर हात मागे घ्यावा, झेलू नये. विमानाने घरी यावयाचे असेल तेव्हा ती हातातील पिशवीत नव्हे, तर सामानात द्यावयाच्या पेटीत ठेवावी.

पावसाळ्यात तिला चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते आणि महिन्याभराने उघडावे तो पाते डागाळलेले निघते. कोरड्या फडक्याने पुसावे, खोबरेल तेलाचे बोट फिरवावे, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून खणात ठेवावी आणि म्यान वेगळे, हवेशीर टांगावे.